कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल तीस युरोत कुणाच्या नावावर होऊ नये

२००६ साली स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात तिथल्या बिशपच्या कार्यालयाने जमीन नोंदणीच्या ऑफिसात कागद दिले, तीस युरोच्या आसपास फी भरली आणि एक इमारत आपल्या नावावर चढवून घेतली. इमारत म्हणजे गावातलं एखादं लहान चर्च नाही, तर ८५६ खांबांची, आठव्या शतकात पाया घातलेली आणि १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल. खरेदीखत नाही, बक्षीसपत्र नाही, कोर्टाचा निकाल नाही. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळातल्या १९४६ च्या कायद्यात अशी सोय होती की जुनी मालमत्ता आपली आहे असा दाखला बिशपने स्वतःच द्यायचा आणि त्या दाखल्यावर नोंद व्हायची. प्रार्थनास्थळं तेवढी त्यातून वगळलेली होती, १९९८ मध्ये सरकारने तीही आत घेतली, आणि २०१५ मध्ये ही सवलत बंद होईपर्यंतच्या सतरा वर्षांत स्पेनभर ३४,९६१ मालमत्ता अशा पद्धतीने चर्चच्या नावावर लागल्या. हा आकडा सरकारने स्वतः २०२१ मध्ये जाहीर केलेल्या यादीतला आहे. आपल्याकडे सातबारावर कुणी गुपचूप नाव लावून घेतलं की गावात काय होतं ते सांगायला नको, कोर्दोबातही तेच झालं, फक्त लोकांना कळलं काही वर्षांनी.

माझं मत आधीच सांगून टाकते. तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, चालू राहावी, रोज चालू राहावी, त्याला कुणी हात लावू नये. पण मालकी चर्चची नसावी, ती लोकांची असावी, आणि आत येणाऱ्या माणसाला या इमारतीची गोष्ट सांगण्याचं काम एकट्या चर्चच्या हातात नसावं. हे म्हणताना मी कुठल्याही धर्माची बाजू घेत नाहीये, ही इमारत उभी कशी राहिली ते नीट बघितलं तर दुसरं काही म्हणताच येत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दमास्कसमधून जीव वाचवून पळालेला उमय्या घराण्यातला अब्द अल-रहमान पहिला, त्याने ७८५-८६ मध्ये इथे मशीद बांधायला घेतली. खांब त्याने नवे घडवलेच नाहीत, आसपासच्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर आणि मुसलमानांआधी स्पेनवर राज्य केलेले लोक) इमारतींतून उचलून आणले, त्यामुळे एक खांब राखाडी, शेजारचा गुलाबी, एकाला खाली बैठक आहे, एकाला नाही, डोक्यावरची नक्षी तर प्रत्येकाची वेगळी. आणि हे सगळे बुटके, एवढ्या मोठ्या दालनाला त्या उंचीवर छत घातलं असतं तर आत शिरल्यावर जीव गुदमरला असता. मग कारागिरांनी काय केलं, तर खांबावर एक घोड्याच्या नालासारखी कमान ठेवली आणि तिच्या वर, मधली जागा मोकळी सोडून, दुसरी अर्धगोल कमान चढवली. खालची कमान खांबांना आडवा आधार देते, वरची छताचं वजन घेते. एकावर एक कमानी आणि लाल वीट-पांढरा दगड असा आलटून पालटून पट्टा, हे दोन्ही स्पेनमधल्याच मेरिदा शहरातल्या रोमन जलवाहिनीच्या बांधकामात दिसतं, तिथून हे सुचलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या कमानींचे फोटो बघून आपण लगेच 'इस्लामी' म्हणतो त्यांच्यात रोम आहे, व्हिसिगॉथ आहेत, सीरियाची आठवण आहे.

पुढे दोनशे वर्षं मशीद वाढत गेली. दहाव्या शतकात खलिफा अल-हकम दुसरा याने जो मिहराबचा, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा भाग बांधला तो माझ्या मते सगळ्या इमारतीचा प्राण आहे. मिहराबच्या कमानीवर सोन्याच्या रंगाच्या आणि निळ्या, हिरव्या काचेच्या बारीक तुकड्यांचं मोझेइक आहे, त्यात कुफी या जुन्या अरबी लिपीतल्या ओळी. हे मोझेइक आलं कुठून? इब्न इधारी हा अरबी इतिहासकार सांगतो की अल-हकमने बायझंटाईन सम्राटाला पत्र लिहून कारागीर मागितला, सम्राटाने कारागीर पाठवला आणि सोबत ३२० क्विंटल काचेचे तुकडे भेट म्हणून पाठवले, मग खलिफाने आपली माणसं त्या कारागिराच्या हाताखाली दिली आणि ती शिकून उस्तादाच्याही पुढे गेली. कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिश्चन सम्राटाची काच, ख्रिश्चन उस्ताद, मुसलमान शागीर्द, आणि तयार झालेली वस्तू कुठली, तर मशिदीतली सगळ्यात पवित्र भिंत. त्याच्या समोरचे घुमट बघा, दगडी पट्ट्या एकमेकींना छेदत जातात आणि मध्ये तारा तयार होतो, हे काम ९६० च्या दशकातलं आहे, छताला अशाच दगडी पट्ट्या असलेल्या इंग्लंडमधल्या डरमच्या कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं ते १०९३ मध्ये. यावरून युरोपची गॉथिक शैली मुसलमानांकडून चोरलेली आहे असं हल्ली जोरात सांगितलं जातं, मला ते पटत नाही, कारण कोर्दोबातल्या पट्ट्या आणि डरमच्या पट्ट्या यांची रचना सारखी नाही आणि मधली साखळी कुणी पक्की दाखवलेली नाही. पण युरोपचं सगळं युरोपातच, बाहेरून काही न घेता उगवलं असं सांगणारेही तितकेच चुकतात.

एक गोष्ट तिथे गेलात तर नक्की बघा. अल-हकमच्या भागातून डावीकडे, म्हणजे पूर्वेला चालत गेलं की खलिफाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्या अल-मन्सूरने ९८७ च्या सुमाराला वाढवलेला भाग लागतो. दक्षिणेला नदी असल्यामुळे तिकडे वाढवायला जागा उरली नव्हती, म्हणून त्याने पूर्वेकडे एकदम आठ ओळी जोडल्या, त्यामुळे मिहराब मध्यावर राहिलाच नाही, एका बाजूला पडला. लांबून कमानी तशाच लाल-पांढऱ्या दिसतात. पण जवळ जाऊन मान वर करून बघितलं तर जुन्या भागात लाल म्हणजे खरी वीट आहे आणि इथे कमान सगळी दगडाची आहे, त्यावर लाल रंग दिलेला आहे. घाई होती, सत्ता दाखवायची होती, ते कमानीत दिसतं. मी त्या दोन भागांच्या सीमेवर बराच वेळ इकडून तिकडे फिरत होते, आणि या फरकाबद्दल माझ्या हातातल्या माहितीपत्रकात एक ओळ नव्हती. खांबांवर, त्यांच्या माथ्यांवर काम करणाऱ्या लोकांनी आपली नावं आणि खुणा कोरलेल्या आहेत, त्याही अशाच, कुणी दाखवल्या तर दिसतात. अल-मन्सूरच्या वाढीव कामावर युद्धात पकडलेले ख्रिश्चन कैदी राबले असंही अरबी इतिहासकार लिहितात, तेही लपवायचं कारण नाही. ९९७ मध्ये त्याने उत्तरेतल्या सांतियागो या ख्रिश्चन तीर्थक्षेत्रावर स्वारी केली आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणून मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये कास्तिलचा राजा फर्नांदो तिसरा याने कोर्दोबा जिंकलं तेव्हा त्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावर देऊन परत पाठवल्या, असं ख्रिश्चन बखरी सांगतात.

आता चर्चची बाजू. ती बाजू कमजोर नाही आणि तिला हलकं लेखून मला पुढे जायचं नाही. फर्नांदोने मशीद पाडली नाही, शुद्ध करून कॅथेड्रल केली आणि वापरात ठेवली. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या सेव्हिलमध्ये काय झालं? तिथली मोठी मशीद पंधराव्या शतकात पाडून प्रचंड कॅथेड्रल बांधलं, मिनार तेवढा घंटाघर म्हणून राहिला, आज आपण त्याला हिराल्दा म्हणतो. कोर्दोबात वापर चालू राहिला म्हणून छप्पर दुरुस्त होत राहिलं, म्हणून भिंती राहिल्या, हे खरंच आहे. तेराव्या शतकात राजा अल्फोन्सो दहावा याने शहरातल्या मुसलमान गवंड्या-सुतारांनी वर्षातले ठराविक दिवस कॅथेड्रलच्या दुरुस्तीला द्यावेत असा हुकूम काढला. १३७१ मध्ये राजघराण्याची जी कबरीची खोली पूर्ण झाली तिच्या भिंती चुन्यातल्या नक्षीने आणि रंगीत फरशांनी मढवलेल्या आहेत, ख्रिश्चन राजांच्या मृतदेहांसाठी, आणि काम सगळं मुसलमानी पद्धतीचं. जिंकल्यावर सव्वाशेहून जास्त वर्षांनीसुद्धा कास्तिलच्या राजाला आपल्या वाडवडिलांसाठी याहून शोभिवंत काही सुचलं नाही!

तर चर्च म्हणतं की जवळजवळ आठशे वर्षं आम्ही ही इमारत सांभाळली, म्हणून आमची. सांभाळली हे मान्य. पण सांभाळणारा मालकच असतो असं नाही, आणि हे मी आज एकविसाव्या शतकात बसून म्हणतेय असंही नाही. १५२३ मध्ये काय झालं ते बघा, माझ्यासाठी या सगळ्या वादाची गुरुकिल्ली तिथे आहे. बिशप आलोन्सो मान्रिके आणि कॅथेड्रलची धर्मगुरू मंडळी यांनी ठरवलं की मशिदीच्या मधोमध कमानी पाडून एक उंच कॅथेड्रल उभं करायचं. कोर्दोबाच्या नगर परिषदेने विरोध केला, साधासुधा नाही, तर प्रकरण सुटेपर्यंत या कामावर जो गवंडी, सुतार हात घालेल त्याला मृत्युदंड, अशी दवंडी दिली. त्या परिषदेत एकही मुसलमान नव्हता. कास्तिलमधल्या मुसलमानांना १५०२ मध्येच बाप्तिस्मा किंवा देश सोडणं यातलं एक निवडायला लावलं होतं. म्हणजे हा विरोध करणारे सगळे ख्रिश्चन, रविवारी याच इमारतीत मिस्सेला येणारे, आणि त्यांचं म्हणणं होतं की या इमारतीसारखी दुसरी जगात नाही, जे मोडाल ते पुन्हा तसं बांधता येणार नाही. ही इमारत आमच्या शहराची आहे, धर्मगुरू मंडळींना हवं तसं तिचं करता येणार नाही, हे कोर्दोबाचे लोक पाचशे वर्षांपूर्वी म्हणत होते. प्रकरण सम्राट चार्ल्स पाचवा याच्याकडे गेलं, त्याने चर्चच्या बाजूने कौल दिला आणि काम सुरू झालं. (पुढे येऊन त्याला पस्तावा झाला असं एक वाक्य प्रत्येक गाईड ऐकवतो, त्याला त्या काळचा पुरावा नाही, म्हणून मी ते इथे देत नाही.)

जे बांधलं ते वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. अर्नान रुइस नावाच्या बापाने सुरू केलं, मग त्याच नावाच्या मुलाने, मग नातवाने पुढे नेलं आणि १६०७ मध्ये कुठे ते संपलं. त्यांनी मशिदीच्या कमानी जिथे शक्य तिथे राखल्या, नव्या उंच भिंतींचा जोर बाजूच्या जुन्या कमानींच्या ओळींवर टाकला, त्यामुळे खालच्या अंधारातून चालता चालता अचानक मान वर जाते आणि पांढरा उजेड अंगावर येतो. नातवाने तर मशिदीच्या मिनाराभोवतीच घंटाघराचं बांधकाम चढवलं, आजही घंटाघराच्या पोटात जुना मिनार आहे. आता यातलं काय कुणाचं म्हणायचं? ज्यांना वाटतं की कॅथेड्रलचा भाग काढून मशीद 'मूळ' रूपात आणावी त्यांनी आधी ठरवावं की मूळ म्हणजे कुठल्या सालचं, आणि ते काढल्यावर छत कशावर उभं राहणार.

दुसरा मुद्दा, नाव आणि माहिती. एक काळ असा होता की तिकिटावर आणि पत्रकांवर मशीद हा शब्दच नव्हता, फक्त कॅथेड्रल. शहरातल्या लोकांनी मोहीम चालवली, सह्या गोळा केल्या, बरीच वर्षं भांडले, तेव्हा २०१६ मध्ये दोन्ही नावं परत आली. पण नाव आलं तरी कथेचा तोल तिरकाच राहिला. आत जमिनीत काच बसवून खालच्या उत्खननातलं जुनं मोझेइक दाखवलंय, आणि मशिदीच्या आधी इथे सान व्हिसेंतेचं चर्च होतं हे ठासून सांगितलं जातं. ख्रिश्चनांकडून जागा विकत घेऊन मशीद बांधली हे नंतरच्या अरबी इतिहासकारांनीही लिहिलंय, त्यामुळे ती नुसती बनवलेली गोष्ट नाही. पण खाली सापडलेले अवशेष एका मोठ्या चर्चचेच आहेत का यावर पुरातत्त्ववाले आजही भांडतायत, आणि ते भांडण येणाऱ्या माणसाला सांगायला काय हरकत आहे? आधी आम्ही होतो, मध्ये ते आले, मग आम्ही परत आलो, एवढ्या तीन वाक्यांत साडेचारशे वर्षांची मशीद मधल्या सुट्टीसारखी उरकली जाते. मालक एकच असला की गोष्टही एकच होते.

आणि त्या काळातली माणसं स्वतः असं वागत नव्हती. पाम्प्लोनाच्या संग्रहालयात एक हस्तिदंती पेटी आहे, लेइरेची पेटी म्हणतात तिला, साधारण ३८ सेंटीमीटर लांबीची. १००४-०५ मध्ये अल-मन्सूरचा मुलगा अब्द अल-मलिक याच्यासाठी ती बनवली, तसं तिच्यावर अरबीत कोरलंय, वर गोल चौकटींमध्ये गाणारे-वाजवणारे, शिकारी, सिंह, आणि चित्रांच्या आत बारीक अक्षरात कारागिरांच्या सह्या. ही पेटी पुढे नव्हाराच्या डोंगरातल्या लेइरे मठात पोचली आणि तिथल्या साधूंनी तिच्यात नुनिलो आणि आलोदिया या दोन संत बहिणींच्या अस्थी ठेवल्या. या बहिणी कोण, तर वडील मुसलमान, आई ख्रिश्चन, आणि इस्लाम मानायला नकार दिला म्हणून नवव्या शतकात मारल्या गेलेल्या. त्यांच्या अस्थींसाठी साधूंनी जी वस्तू निवडली तिच्यावर अल्लाच्या नावाने सुरू होणारा लेख आहे, आणि तो त्यांनी खरवडून काढला नाही. याच काळातला पिसाचा तो ब्राँझचा गरुडमुखी सिंह, अंगावर अरबी शुभेच्छा कोरलेला, १८२८ पर्यंत पिसाच्या कॅथेड्रलच्या छपरावर उभा होता. हे बघितल्यावर मला संग्रहालयांतली 'इस्लामी कला' आणि 'मध्ययुगीन युरोप' अशी वेगवेगळ्या मजल्यांवरची दालनंसुद्धा खटकायला लागली आहेत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता हरकती. पहिली आणि सगळ्यात मोठी: सरकारकडे मालकी गेली की मिस्सा बंद होणार, सगळ्याचं म्युझियम होणार. ही भीती मी समजू शकते, श्रद्धा असलेल्या माणसाला आपली प्रार्थनेची जागा काचेआड जाणं सहन होणार नाही. पण शेजारच्या फ्रान्समध्ये बघा ना. १९०५ च्या कायद्यापासून पॅरिसचं नोत्र-दाम सरकारच्या मालकीचं आहे आणि पूजाअर्चेसाठी वापर फक्त कॅथलिक चर्चचा. एप्रिल २०१९ मध्ये छप्पर जळलं तेव्हा ते पुन्हा उभं करायची जबाबदारी सरकारने उचलली, जगभरातून देणग्या आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली ती आर्चबिशपच्याच हस्ते, मिस्सेसह. मालकी लोकांची आणि वेदी चर्चची, हे शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय. आपल्या जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिका पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे मिस्सा होतेच की, फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला लोक येतातच की. कोर्दोबासाठी व्यवस्था शोधायला तर फार लांब जायलाही नको, ग्रॅनडातला अलहांब्रा आंदालुसिया सरकारच्या खास मंडळाकडे आहे. कोर्दोबासाठी तसं मंडळ हवं, त्यात शहर हवं, इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ हवेत, चर्च तर हवंच.

दुसरी हरकत मलाच जास्त छळते. सरकार म्हणजे लोक का? इस्तंबूलचं आया सोफिया सरकारच्याच हातात होतं. ५३७ चं चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३० च्या दशकात म्युझियम, आणि २०२० मध्ये कोर्टाचा निकाल आणि राष्ट्राध्यक्षांची सही, की पुन्हा मशीद. तेव्हा नुसतं सरकारच्या नावावर करून भागत नाही हे मला मान्य आहे, उद्या कुठलं सरकार येईल काय माहीत. म्हणूनच मंडळ कायद्याने बांधलेलं हवं, वापर काय आणि कुणाचा हे त्या कायद्यात लिहिलेलं हवं आणि सहजी बदलता न येणारं हवं. पण आया सोफियाचं उदाहरण देऊन कोर्दोबातली नोंद बरोबर ठरत नाही. दोन्हीकडे एकच चूक आहे, वास्तूची पूर्ण ओळख एका पक्षाच्या सहीवर टांगलेली.

तिसरी, मुसलमानांना तिथे नमाज पढू द्यावी का. स्पेनमधल्या काही मुसलमान संघटनांनी ही मागणी केली, चर्चने नाकारली, आणि २०१० मध्ये काही पर्यटकांनी आत नमाज पढायचा प्रयत्न केला तेव्हा सुरक्षारक्षकांशी झटापट झाली. माझं मत अनेकांना आवडणार नाही: आज तिथे दोन धर्मांची नियमित प्रार्थना सुरू करू नये. वापराच्या वेळापत्रकावरून जे भांडण पेटेल त्यात पहिला बळी इमारतीचाच जाईल. पण मिहराबसमोर एखादी बाई दोन मिनिटं हात जोडून किंवा पसरून उभी राहिली तर रक्षकाने धावत यायचं काही कारण नाही. हे वाचताना आपल्याकडच्या जागांची नावं तुमच्या डोक्यात येणार, ते मला माहीत आहे. आपल्याकडचा कायदा वेगळा, जखमा वेगळ्या, आणि कोर्दोबाचं उत्तर उचलून इथे चिकटवायचा माझा उद्देश नाही.

२०१८ मध्ये कोर्दोबा नगरपालिकेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने, ज्यात युनेस्कोचे माजी महासंचालक फेदेरिको मायोर सारागोसा होते, कागदपत्रं तपासून सांगितलं की चर्चकडे वापर होता, मालकी कधीच नव्हती. १२३६ ला राजाने इमारत पूजेसाठी दिली, शुद्धीकरण म्हणजे मालकी हस्तांतर नव्हे. चर्चला अर्थातच हे मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आत आग लागली, सामान ठेवायला वापरल्या जाणाऱ्या एका कोपऱ्यात झाडायच्या यंत्राने पेट घेतला, एका लहान चॅपेलचं छप्पर कोसळलं, अग्निशमन दलाने रातोरात ती आटोक्यात आणली म्हणून बाकी इमारत वाचली. मी त्या रात्री फोनवर व्हिडिओ बघत बसले होते, पोटात गोळा आला होता. आग विझवायला आलेलं अग्निशमन दल लोकांच्या पैशावर चालणारं होतं. यंत्रं कुठे ठेवायची, वायरिंग कुणी तपासायचं, हे ठरवण्यात मात्र शहराचा वाटा किती, तिकिटाच्या पैशातला किती भाग छतावर आणि किती कशावर खर्च होतो हे शहराला कोण सांगणार, हे प्रश्न त्या आगीनंतर आणखी टोकदार झाले.

२०२२ मध्ये स्पेनच्या बिशपांनी कबूल केलं की सरकारी यादीतल्या हजाराच्या आसपास मालमत्ता खरं तर त्यांच्या नाहीत. म्हणजे मागे फिरता येतं, कागद दुरुस्त होतात. कोर्दोबा त्या हजारात नव्हती. २०१५ ला सवलत बंद झाली, पण मागच्या नोंदी तशाच राहिल्या, त्यातली ही एक. ती रद्द व्हायची तर बिशपने आपणहून पुढे यावं किंवा सरकारने कोर्टात जावं. मला मनापासून वाटतं की पहिला रस्ता बिशपने घ्यावा, वेदी, मिस्सा, घंटा सगळं राहू दे आणि फक्त तो २००६ चा कागद परत करावा. ते होत नसेल तर सरकारने कोर्टात जायला आणखी एका निवडणुकीची वाट बघू नये.